मिनानं दार धरलं

कुरुंदा,
४ एप्रिल २०२५

चि. सूर्यकांता,

थोरल्या ताईचा तुला आशीर्वाद. फोनवर तू 'बरं बरं' म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहून राहिले. आता गप बसून वाच.

आमी सगळे खुशाल. हळद उकळून झाली, खळ्यावर वाळून राहिली. तुझी लेक मिना दिवसभर तिथंच. कोंबड्या हाकलती, दोन टाइम पोटभर जेवती. काळजी नको.

"रुद्रचं लग्न उरकेपर्यंत मिनाला ठेवून घे, पाहुण्यांना उगं दिसायला नको," म्हणलास. ठेवून घेतली. तीस वर्षांची पोर, समज लहान लेकराची. पण भावाचं लग्न हाय, एवढं तिला बराबर समजलं. त्यात शेजारच्या जिवनबाईनं सांगितलं, नवरदेवाची बहीण दार धरती, 'तुझी लेक माझ्या लेकाला देशील का?' म्हणून विचारती, अन् हो म्हणल्याबिगर नवरीला आत सोडत न्हाई. झालं! तवापासून बाई दारातच. परवा गोठ्यात माझ्या म्हशीला अडवलं, "लेक देशील का?" म्हैस काय बोलणार, कपाळ! हसून हसून पोट दुखलं.

आता खरं सांगते, ओरडू नको. रविवारी रुद्र आला, संगं पुनम. होणाऱ्या बायकोला आत्याच्या पाया पडायला आणलं. तुझा शब्द म्हणून मी मिनाला मागच्या खोलीत बसवलं. ऐकती व्हय ती? पळत आली अन् दोन्ही हात चौकटीला लावून उभी. पुनम बाहेर, मी आत.

"ही कोण?" पुनमनं विचारलं. रुद्र खाली बघून राहिला. तुझंच पोरगं!

"मी बहीण," मिना म्हणली. अन् पाठ केलेलं सारं विसरली. म्हणली, "मला लग्नाला नेशील का?"

सूर्या, मला रडू फुटलं रे. पोरीला सगळं कळत होतं.

पुनमनं आधी रुद्रला झापलं, "बहीण हाय म्हणून सांगितलं काहून न्हाई?" मग मिनाला म्हणली, "ताई, तुमी नसल्यावर माझं दार कोण धरल?" तवा कुठं मिनानं हात काढले. "माझ्या घरी ताईंचं मी सांगते," असं पुनम म्हणून गेली.

तर करवलीची साडी घेऊन ठेव. पिवळी, काठाची; मिनानंच सांगितली. हळदीच्या आदल्या दिवशी आमी येणार, दोघीबी. तिला परत पाठवायचं असलं तर मला आधी पाठव.

तुझी ताई गंगू,
अन् बाजूला बसून "माझंबी नाव लिव" म्हणून राहिलेली
नवरदेवाची सख्खी बहीण, करवली मिना