मोकळ्या वाफ्याचं पाणी

३ मार्च

पोचले बाई एकदाची! दोन बॅगा, शिवणयंत्र आणि मी, एवढाच काय तो माझा संसार. दादाने गाडी थेट दारात आणली आणि मला एक पिशवीसुद्धा उचलू दिली नाही. हे गेल्यापासून परक्यांच्या घरात भाड्याने दिवस काढले, आता सख्ख्या भावाचं घर आहे. आणि हे सुटलं तर दुसरं कुठलं नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे. वहिनी मला चक्क ‘वन्सं’ म्हणते. हल्ली कोण म्हणतं असं? हसूच आलं मला.

खोली मागच्या अंगाला आहे. खिडकीतून दादाचं काचघर दिसतं, आत नुसतं हिरवंगार. आधी या खोलीत वहिनीची आत्या राहायची. गेल्या वर्षी झोपेतच गेली, कुणाला त्रास नाही की काही नाही, असं वहिनी म्हणाली. पलंग चांगला आहे, पाठ दुखणार नाही.

५ मार्च

दादाने आज काचघर हिंडून दाखवलं. हा माणूस स्वतःचा चहा कधी गाळून घेत नाही, पण टोमॅटो-काकड्यांची बडदास्त बघावी! प्रत्येक वाफ्यात एक सळई रोवली आहे. माती सुकली की सळईला कळतं, कोपऱ्यातल्या पेटीत ‘टक्’ असा आवाज होतो आणि नळीतून थेंब थेंब पाणी सुरू. शिवाय जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी कुठल्या वाफ्याला तहान लागलीय ते दादाला फोनवर दिसतं. बोट टेकवलं की पाणी सोडता येतं.

मग मी काय करू, असं मी विचारलं. काही नाही चिमे, नुसती बसून राहा, असं म्हणाला. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला बसून राहा म्हणालं असेल.

कुंड्या सगळ्या उंच मांडणीवर. खाली जमिनीत, पार टोकाला एकच वाफा, आणि तो मोकळा. नुसती काळी माती. पण नळी त्यालाही आहे. का, ते विचारलं तर म्हणाला, ती तशीच असू दे, हात लावू नकोस. दाराशी खिळ्याला एक जुनी झारी आहे, मुठीला चिंधी गुंडाळलेली. यंत्र यायच्या आधी आत्या तिने झाडांना पाणी घालायची म्हणे.

९ मार्च

बसून राहण्याचा अर्थ आता कळला. सकाळचं जेवण मी, रात्रीचं मी, इस्त्री मी, आणि वर वहिनीच्या मैत्रिणी येणार म्हणून पडदे धुवायचे तेही मीच. वन्सं, वन्सं! काम असलं की जिभेवर साखर. आंघोळीला दुसरी बादली घेतली तर दाराबाहेरून म्हणते, आत्यालाही पाणी उधळायची फार सवय होती. परवा अंगात ताप होता. दिवसभर पडून होते, कुणी साधं पाणीही विचारलं नाही. काचघरात मात्र टक्, टक् चालूच.

आज मोकळ्या वाफ्याची नळी तुंबली. मीच टाचणी घालून झारीतला शुक्राचार्य बाहेर काढला. लांब पांढरा केस होता. दादाला दाखवला तर हातातून घेऊन फेकून दिला, म्हणाला मूळ आहे. मूळ? उभा जन्म वेणीफणी केली मी, मला केस कळत नाही?

१४ मार्च

दोघं फिरायला गेली, परदेशात. निघताना कुंपणाशी शेजारच्या काकू उभ्या होत्या. येऊन-जाऊन लक्ष ठेवू का, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, कशाला उगीच तसदी? चिमी आहे, आणि बाकी सगळं आपोआप होतं. काकूंचा चेहरा एकदम उतरला. मला मात्र बरं वाटलं. घर माझ्यावर सोपवून गेला, असं वाटलं.

१६ मार्च

बसल्या बसल्या लक्ष ठेवलं. सगळ्यांत जास्त पाणी कोण पितं, तर तो मोकळा वाफा! काकडीला दोनदा टक् होईपर्यंत याला सारखं चालूच. आणि माती वरून बघावी तर कोरडी. वा रे न्याय! ढेकळांना रात्रंदिवस पाणी आणि मला एक बादली. दाराजवळ त्या नळीचा हाताने फिरवायचा कॉक आहे, तो घट्ट बंद करून टाकला. बस म्हटलं आता बोंबलत.

१८ मार्च

काचघरात बाकावर मी तांब्या ठेवते. आज भरून ठेवला आणि चष्मा आणायला घरात गेले. परत आले तर रिकामा. पुन्हा भरला, पाठ फिरवली, पुन्हा रिकामा. बाकाखाली ओल नाही. स्वयंपाकघरात वाटाणे भिजत घातले होते, ते सुरकुतून पडलेत आणि पातेलं कोरडं ठणठणीत.

बंद केलेली नळी वाटेवर आडवी आली होती. मी आणली नाही. उचलून जागेवर ठेवताना टोक पाहिलं. चावलेलं आहे. उंदीर म्हणावं तर — नाही, उंदराचे दात एवढे रुंद नसतात.

१९ मार्च

काकू लेकीकडे राहायला निघाल्या. जायच्या आधी मला हाक मारली आणि घळाघळा रडत सगळं सांगितलं. आत्या झोपेत गेलीच नाही. गेल्या वर्षी हे दोघं असेच फिरायला गेले. दर वेळी काकू आत्याच्या जोडीने झाडांना पाणी घालायला यायच्या आणि त्या निमित्ताने म्हातारीशी दोन शब्द व्हायचे. त्या वर्षी यंत्र नवीन होतं. दादाने सांगितलं, आता यायला नको, सगळं आपोआप होतं. झाडांची सोय केली, म्हातारीची कुणाला आठवणच झाली नाही! ती काचघरात पडली, कंबर मोडली. हाका मारल्या असतील, काचेबाहेर जातात कुठे? हे परत आले तेव्हा टोमॅटो लालबुंद झालेले, आणि ती मोकळ्या वाफ्यात, तेव्हा बंदच असलेल्या नळीचं टोक दातांत धरून.

आणि पलंग चांगला आहे म्हणाले होते मी.

म्हणजे दादा ते पाणी आत्यासाठी चालू ठेवतो, त्याला सगळं ठाऊक आहे. मला नाही सांगितलं. आणि मी ते बंद करून बसलेय. उद्या उजाडताच कॉक उघडते. आत्याबाई, मला माहीत नव्हतं हो.

२० मार्च

कॉकपर्यंत पोचलेच नाही. नळी पुन्हा वाटेवर होती, उंबऱ्याइतकी उचललेली. पाय अडकला. मांडीचं हाड — आतून वाजलं. ओढत ओढत गेले ती टोकाकडेच, दाराकडे कशी जाणार, पायाला वेढलेली नळी तिकडे वळूच देत नाही. वही ओच्यात होती म्हणून लिहितेय. फोन घरात. काकू लेकीकडे. दादा परदेशात.

दुपार

युक्ती सुचली. वाफ्यातली सळई उपटली, पदराने कोरडी पुसली. मातीबाहेरच्या सळईवर पेटी आपोआप चालत नाही, दादाला मात्र फोनवर दिसेल. त्याला वाटेल काहीतरी बिघडलं. कुणाला तरी पाठवेल.

टक्.

पाणी सोडलंन. बोट टेकवलंन आणि झालं. एक फोन नाही केलान. आणि माझी नळी कोरडीच, कॉक मी बंद केलाय ना — झारीतला शुक्राचार्य मीच.

वर कुंड्यांत ठिबकतंय. हात पुरत नाही.

उन्हं उतरताना

ओरडले. घसा फाटला. मागच्या रस्त्याने माणसं जातात, दिसतात मला. काकड्यांकडे बघून एक बाई हसली.

दुसरा दिवस बहुतेक

जीभ टाळूला चिकटलीय. माझ्याखालची माती हलते. श्वास घेतल्यासारखी. आत्याबाई, मी बंद केलं, चुकले, पण आपण दोघी एकाच घरच्या हो — एकाच खोलीतल्या —

टक्.

दाराशी कॉक फिरला. मी पाहिलं. तिथे कुणी नाही, झारी हलतेय. पाणी येतंय, नळी गार झाली, आलं, आलं —

तोंडाशी धरलीय. मातीतून कुणीतरी नळी खाली ओढतंय. जोर आहे म्हातारीला. आधी ती पिणार. पिऊ दे. मग मला थोडं — आत्याबाई, मला थोडं —