बाबांची पेट्रोलवरची करवत

३ सप्टेंबर
कालच्या वादळात मागचा देवदार कलला. नेमका आईच्या खोलीवर. पुढचं वादळ यायच्या आत पाडायलाच हवा. शेजारचे निशिगोरी म्हणाले, माझी बॅटरीवाली चेनसॉ घेऊन जा. मला हसू आलं. आमच्या कोठीत बाबांची पेट्रोलवरची करवत आहे. वजन अकरा किलो. त्यांच्या खेळण्याचं तीन. यातच सगळं आलं. बायकोला, फुमिएला सांगितलं, तीन दिवसांत चालू करतो. ती "बरं" म्हणाली. तिचं हे "बरं" मला आवडत नाही.

५ सप्टेंबर, सकाळी
पूर्ण खोलली. आत उंदरांचं घरटं. म्हणजे बॉडी मजबूत. उंदीर काय कुठेही राहत नाहीत.

६ सप्टेंबर
पूर्ण जोडली. चार स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. त्या काळी कंपन्या जास्तीचं सामान द्यायच्या. हल्ली कुठे एवढं मोठं मन!

९ सप्टेंबर
दोरी एकशेचाळीस वेळा ओढली. एकदा "फुस्स" झालं. प्रगती आहे. निशिगोरी कुंपणापलीकडून म्हणाले, "हिसाओ, करवत चालू करतोयस की विहिरीतून पाणी काढतोयस?" उत्तर तयार होतं, पण दम लागला होता.

१२ सप्टेंबर
चालू झाली!! एवढा धूर, की आग लागली समजून आई देवघरातला बाबांचा फोटो घेऊन अंगणात पळाली. लगेच देवदारावर टेस्ट. वीस मिनिटांत साल काळी पडली, चीर नाही. लाकूड असामान्य कठीण असावं. फुमिए म्हणाली, "अहो, साखळी उलटी बसवलीय." म्हटलं, चाळीस वर्षं पोस्टात काढली, उलटं-सुलटं मला कळतं.
ती आत गेल्यावर बघितलं. उलटीच होती.

१३ सप्टेंबर
साखळी सुलटी केली. आता चालूच होत नाही.

१४ सप्टेंबर
दोरी ओढताना कंबरेत कट्ट. आडवा पडून लिहितोय. गावच्या लाउडस्पीकरवर सांगितलं, वादळ परवा. उद्या उठायचंच. संकल्प.

१५ सप्टेंबर
उठता आलं नाही. बाहेर शिवणयंत्रासारखी घरघर. चार मिनिटांनी धप्प! फुमिए आत आली, केसांत भुसा. "पडलं. मोकळ्या बाजूला. चहा घेणार?" करवत निशिगोरींची. असो. एवढ्याशा आवाजात पडलेलं झाड मी पाडलेलं धरत नाही.

१८ सप्टेंबर
वादळ येऊन गेलं. छप्पर शाबूत. निशिगोरी आपली करवत न्यायला आले आणि ओसरीवर बाबांची बघून थबकले. उचलून पालथी केली. म्हणाले, "अरे, ही तर आमच्या बाबांची!"
मी हसलो. आतून आई म्हणाली, "त्यांचीच आहे रे. ह्यांनी एका दिवसासाठी आणली होती. पहिल्याच दिवशी बिघडवली, मग परत द्यायची लाज वाटायला लागली. पन्नास वर्षं झाली त्याला."
मला बाबांचा राग यायला हवा होता. आला नाही. ओसरीवर पाना घेऊन बसलेली त्यांची पाठ तेवढी आठवली.
निशिगोरींनी कसलातरी खटका दाबून दोरी ओढली. दुसऱ्या झटक्यात सुरू. डोळे पुसत, खांद्यावर टाकून घेऊन गेले. बदल्यात बॅटरीवाली इथेच ठेवली.

१९ सप्टेंबर
कंबर बरी. बॅटरीवाली नीट तपासली. वाईट नाही, पण बॅलन्स चुकलाय. खोलून सुधारता येईल.
फुमिएने स्क्रूड्रायव्हर लपवून ठेवलेत.