मागे वळलेला वादक

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि ताईला सलाम. प्रभूच्या कृपेने मी ठणठणीत आहे. खोलीत भरपूर ऊन येतं. सोबतीण घोरते, तेवढं सोडलं तर कसली तक्रार नाही.

"धर्मशिक्षण घ्यायला गेलीस आणि ग्रीकांचे खोटे देव कसले शिकतेस?" असं तुम्ही तडकून लिहिलंत. आमचे सर म्हणतात, देव खोटे असतील, पण त्या गोष्टी रचणाऱ्यांचं रडणं खरं होतं.

काल त्यांनी एका वादकाची गोष्ट सांगितली. त्याची बायको मरते. तो वाजवत वाजवत थेट मेलेल्यांच्या राज्यात जातो. तिथला राजा विरघळतो आणि म्हणतो, "ने तिला. ती तुझ्या मागून येईल, पण वर पोहोचेपर्यंत वळून बघू नकोस." ह्याला धीर निघत नाही. तो वळतो आणि ती कायमची जाते.

मला तुमची बाजाची पेटी दिसायला लागली. आई गेल्यापासून तुम्ही चर्चमध्ये पेटीला हात लावला नाहीत. ताई सांगते, पाळकसाहेब आता सूर सोडून कुठल्या कुठे जातात.

सरांनी विचारलं, "ख्रिस्ती माणूस ह्या वादकाला काय सांगेल?"

मी उठले. म्हटलं, "त्याची बायको मागे होती, म्हणून तो वळला. माझी आई पुढे गेली आहे."

गुडघा कसा आहे? वेळेवर जेवता ना?

ह्या रविवारी पेटी उघडा, पप्पा. आणि भाता जरा जोरात मारा. आई बरीच पुढे गेली असेल.

तुमचीच,
चिमणी