बावीस कप आणि एक उत्तर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा बायकांच्या पाठीवर हिजामाचे, म्हणजे हवा ओढून कातडीला चिकटवायचे, कप लावणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ शंका काढल्याशिवाय राहणार नाही.

१. घर व बँकेतली शिल्लक मुलीत आणि भावात धर्माच्या नियमाने वाटली जाईल. तिथे मी नाक खुपसत नाही.

२. दुकानाची पाटी भावाला. 'सर्व रोगांवर हमखास' हे त्यानेच रंगवलं. टक्कल जावं म्हणून त्याने डोक्यावर सात कप लावून घेतले. केस आले नाहीत, गोल डाग आले, आणि तसाच माझ्या मुलीच्या लग्नात मिरवला. माझं म्हणणं इतकंच: हिजामा पैगंबरांची रीत आहे, पाठ-मान हलकी होते, डोकेदुखी कधी उतरते, कधी नाही. बाकी अल्ला जाणे.

३. बावीस कप, त्यांतली हवा ओढायचा हातपंप आणि लाकडी स्टूल माझ्या डॉक्टर मुलीला. हे तिच्या वाट्याबाहेरचं, म्हणून दुसऱ्या वारसाची संमती लागते; भावाने कुरकुरत का होईना, सही केली आहे. मुलगी कपांना 'बरण्या' म्हणून हसायची.

४. आता खरं ते लिहिते. चार वर्षांपूर्वी तिच्या वडिलांचा डावा खांदा दुखू लागला. चांद्र महिन्याची सतरा तारीख, हिजामाला उत्तम. मला वाटलं, दुखणंसुद्धा मुहूर्त बघून आलं. कप लावून त्यांना अर्धा तास बसवलं. दरदरून घाम फुटला तेव्हा कुठे गाडी बोलावली. दुखणं हृदयाचं होतं, ते वाटेतच गेले. दफनानंतर मुलीने एकदाच विचारलं, "अम्मी, आधी मला फोन का नाही केलास?" मी भांडी घासत राहिले.

५. मुलीने कप वापरावेत अशी अट नाही. एक मात्र दवाखान्यात टेबलावर ठेवावा. कुणी बाई पाठीवरचे डाग लपवत आली, तर हसू नये, नीट विचारावं.

आणि बाळा, उत्तर हे: तू हसशील म्हणून नाही केला. चूक माझीच, तुझ्या हसण्याची नव्हे.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरची शिंपीण (पाठ माझ्याच हातची); कोपऱ्यावरचा केमिस्ट (कपाला घाबरतो).
संमती: भाऊ, टोपी घालून.
स्थळ: दुकानाची मागची खोली.
तारीख: चांद्र महिन्याची अठरा. सतराला मी आता काही करत नाही.