आप्पा, आता मॅटर म्हटलं की धडकी भरते

तीर्थरूप आप्पा,

शरणार्थ. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिणार कधी? साप्ताहिक माझ्या गळ्यात टाकून गेलात ना! आज लिहितेय, कारण मला भीती वाटतेय आणि आईला ते सांगायची सोय नाही. थोड्या वेळात मला लातूरहून रेणापूरला निघायचंय.

काल ऑफिसात एक माणूस आला. चहा नको म्हणाला, तुमच्या खुर्चीत बसला आणि अगदी गोड आवाजात बोलला, "ताई, मॅटर हितंच मिटवा. घरात तुमी दोघी मायलेकीच राहता. उगं कशाला?" एवढंच बोलून गेला.

मॅटर! आपल्या घरात किती लाडाचा शब्द होता हा. अहमदपूरच्या वार्ताहरानं एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेलं पाकीट म्हणजे मॅटर. छपाईचे खिळे जुळवून दोरीनं बांधलेला शिशाचा जड ठोकळा, तोही मॅटरच. पानात जागा उरली की "मॅटर कमी पडलं" म्हणत तुम्ही उभ्या उभ्या पाऊसपाण्यावर चार ओळी खरडायचात. आणि पुढाऱ्याचं लांबलचक भाषण वाचून नाक मुरडायचात, "यात मॅटर कुठंय?" आईच्या आमटीलाही एकदा तेच विचारलंत आणि रात्री नुसती भाकरी खाल्लीत!

आता गल्लीतल्या मारामारीला मॅटर म्हणतात. पोरापोरींच्या लफड्यालाही. धमकी देतानाही हाच शब्द वापरतात, हे काल कळलं.

माझी बातमी साधी आहे, आप्पा. रेणापूरकडचा एक टँकरवाला ठेकेदार ज्या विहिरीतून टँकर भरतो, तिच्यात नाल्याचं पाणी झिरपतं. वस्तीवरची लेकरं जुलाबानं आडवी झालीत. मी डोळ्यांनी पाहिलंय, फोटो काढलेत. उद्या अंक छापायचाय. म्हणजे आज तुमचा नियम पाळायचा. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याच्यासमोर बसून ती अख्खी वाचून दाखवायची. तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत खाली छापायचं.

कुठून काढलात हा नियम? फोन करून मोकळं होता येत नव्हतं का? पण "आप्पांनी तोंडावर वाचलंय" म्हणून तर लोक आपल्या अंकावर विश्वास ठेवतात. तो नियम मोडायची माझी हिंमत नाही, आणि पाळायचीही होत नाहीये.

लहानपणी अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या एका आडत्याला त्याची बातमी वाचून दाखवायला मला सोबत नेलं होतंत, आठवतं? त्या आडत्यानं तुमच्या हातातला कागद ओढून टराटरा फाडला. तुम्ही खिशातून दुसरी प्रत काढलीत आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलंत. मी शाळाभर सांगत फिरले. तेव्हा तुम्हाला भीती वाटली नव्हती का? वाटली असेल तर कधी बोलला का नाहीत? शूर बापाची लेक असणं फार जड जातं हो!

आत्ता जेवणाचं ताट तसंच सरकवलं. आई बघत होती. म्हणाली, "तुझे आप्पा बी असंच करायचे. वाचायला जायच्या दिशी घास उतरायचा न्हाई. न्हाणीत जाऊन ओकायचे."

आप्पा! तुम्ही तर त्या दिवशी उपवास आहे म्हणायचात!

म्हणजे आईला माझंही सगळं कळलंय. लुगडं बदलून, कपाळाला विभूती लावून ती दारात उभी आहे. मी नको नको म्हटलं तर अंगावरच आली, "त्यांना एकट्याला जाऊ दिलं. ते माघारी येईस्तोवर दाराकडं बघून बघून जीव जायचा माझा. आता न्हाई बसायची मी घरात."

तर निघतो आम्ही दोघी. शब्द देते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन. त्याचं नाव येईल तिथे आवाज खाली आणणार नाही. मध्येच पोट ढवळलं तर उठून जाईन, तोंड धुईन आणि परत त्याच्यासमोर येऊन उरलेलं वाचीन.

तुमची,
तुमच्याइतकीच भित्री,
राजश्री