आधी रक्त, मग भाषण

९ ऑगस्ट १९९६

मुलींच्या बापांनो! नातू आजारी पडला की दोष आपल्याच लेकीच्या माथी — हे तुम्ही सोसलंय, मीही सोसतोय! (घ्या. कोऱ्या पानापुढेही सभा सुरू.) माझ्या थोरल्या लेकीचा, कुंदाचा बंडू पुन्हा दवाखान्यात. चार वर्षांचा जीव — काखेत गळू, छातीत पू, डोळे पिवळे. तिची सासू चंपाबाई पनागरहून आली ती तोंड वाजवतच. "काहून जी व्याही, पोरगी देताना काय लपवलं होतं?"

१२ ऑगस्ट

डॉक्टर दुबेंनी समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण मारायला लागणारं रसायन बंडूत तयारच होत नाही — एक एन्झाइम जवळजवळ नाहीच. गिळलेला जंतू आत जिवंत! त्याच उणिवेनं लाल पेशी फुटतात, म्हणून कावीळ. मलेरियाची साधी गोळीही जिवावर बेतू शकते. दोष जन्मजात. मुलाला येतो तो आईकडून.

हे चंपाबाईंसमोर सांगायची काय गरज होती?

"आता पटलं?" म्हणाल्या. कुंदा भिंतीकडे तोंड करून बसली.

१३ ऑगस्ट

दोष कुंदात कुठून आला ते बघायला तिच्या आईबापांचं रक्त हवं म्हणे! मी उसळलोच. तीस वर्षं आमच्या ओमतीच्या चौकात भाषणं देत घसा फोडतोय — रक्तानं माणूस हलका-भारी ठरत नाही — आणि हे आमचं घराणं तपासणार? अर्धा वॉर्ड गोळा झाला. दुबे शांत. "दादाजी, भाषण बाद में. पहले खून."

माझ्या बायकोनं, पार्वताबाईनं, मुकाट्यानं हात पुढे केला. मी तरातरा घरी आलो.

१६ ऑगस्ट

पार्वताबाईत दोष नाही! मी टाळी वाजवली — ऐका, चंपाबाई!

बायकोनं माझा हात धरला. "बोलून झालं असन तर चला आता. पोरगी रडून राहिली तिकडं, अन् तुम्ही टाळ्या काय वाजवता?"

गेलो. दिलं रक्त. सुई टोचतानाही बडबडतच होतो.

१९ ऑगस्ट

माझ्यात आहे. बाप हा दोष मुलाला देत नाही, प्रत्येक मुलीला देतो. मानेवरची जन्माची गळवं, हे पिवळे डोळे — लोक म्हणायचे, भाषणांची जागरणं!

चंपाबाईंना म्हणालो, "कुंदाला नाही, मला बोला."

पण प्रत्येक मुलीला — म्हणजे वसुधालाही. माझी धाकटी, दीक्षितपुऱ्यात दिलेली, आठवा महिना. आत्ताच निघतो. वाटेत एक शब्दही जास्तीचा जुळवायचा नाही. एवढंच — वसुधा, मुलगा झाला तर पहिल्या औषधाआधी त्याचं रक्त तपासून घे.