क्षितिजचा घोटा

१५ मार्च, रविवार

व्हिडिओ कॉलवर पुन्हा पडदे बंद! तिकडे कॅनडात शनिवार संध्याकाळचे सहा, बाहेर अजून ऊन, आणि क्षितिज अंधारात बसून बोलतोय. "दिवा लाव ना, तोंड दिसू दे." — "ओके लाह आई, असंच बरं वाटतं." सिंगापूरचं ते 'लाह' तिकडे जाऊनही सुटलेलं नाही. दोन मिनिटांनी विचारतो, "इराची परीक्षा कधी?" आत्ताच तर बहिणीशी त्यावरच बोलला होता!

प्रबोधला म्हटलं, हा काहीतरी लपवतोय. नवऱ्याचं ठरलेलं उत्तर — संशयाला औषध नाही.

नसेल. पण अकरा वर्षं हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसून मी जहाजांचे कागद तपासते. एका कागदावर चाळीस पेट्या, दुसऱ्यावर एकोणचाळीस. मला दिसतंच, काय करू?

१८ मार्च

ऑफिसात जेवताना शेजारच्या टेबलाच्या लिमने विचारलं, मुलगा काय खेळतो? फुटबॉल म्हटलं. मग नेहमीसारखं समजावून सांगितलं. पायाने खेळतात तो नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. एप्रिलअखेर तिथल्या लीगचे नऊ संघ विद्यापीठांतली पोरं एकेक करून निवडून घेणार. आठ फेऱ्या. आम्ही तिकडे नोकरीला असताना क्षितिज झाला, म्हणून तो कॅनडाचा नागरिक, म्हणून त्याचं नाव यादीत. वाढला मात्र इथे, बुकित तिमाहच्या शाळेत रग्बी खेळत.

"तुला केवढा अभिमान वाटत असेल!" लिम म्हणाली. हो म्हटलं.

२२ मार्च, रविवार

सापडलं.

ऑक्टोबरात तो दोन सामने बसून होता. "घोटा मुरगळलाय आई, बाकी काही नाही." आज त्याच्या आधीच्या सामन्याचा व्हिडिओ शोधून काढला. तिसऱ्या भागात समोरचा पोरगा डोकं खाली घालून येतो आणि थेट याच्या हेल्मेटवर! क्षितिज उठतो. चालतो, अगदी नीट, कुठे लंगडणं नाही — पण चालत जातो समोरच्या संघाच्या बाकाकडे. त्यांच्यातलाच एक जण त्याला खांद्याला धरून वळवतो.

नऊ वेळा पाहिलं. घोट्याला काहीही झालेलं नाही.

इराला विचारलं, दादा तुला काही बोललाय का? "आई, चिल लाह!" आणि लगेच फोन उचलून खोलीत. कोणाला लिहीत होती?

३० मार्च

सगळ्या संघांपुढच्या चाचण्या झाल्या. म्हणतो, मस्त गेल्या. एका संघाच्या लोकांनी तासभर बसवून घेतलं म्हणे. "काय विचारलं?" "सगळंच." "घोट्याचं विचारलं?" जरासा थांबला. "हो. तेही."

खोटं! आवाजच सांगतो.

१२ एप्रिल

घरात सगळे माझ्यापासून काहीतरी लपवतायत असं वाटतं. प्रबोध बाल्कनीत जाऊन त्याच्याशी बोलतो. मी गेले की म्हणतो, हवेचं विचारत होतो.

लहानपणी याला खरचटलं तरी कॉलनी गोळा करायचा. तोच मुलगा आता डोक्याला मार लागला तरी बोलत नाही. त्या खेळापायी! निवड झाली की मोठाली माणसं रोज आदळणार त्याच्यावर. आणि त्यांना कुणाला माहीतच नसणार.

२६ एप्रिल, रविवार

केलं.

त्या तासभरवाल्या संघाच्या साइटवर मेलचा पत्ता मिळाला. लिहिलं — मी त्याची आई, सिंगापूरहून लिहिते आहे. ऑक्टोबरात डोक्याला मार बसला आहे, त्याने सांगितलं नसावं. व्हिडिओ जोडला आहे. कृपा करून आधी तपासा. चार ओळी. इंग्रजी तीनदा वाचलं. मेल पाठवला.

प्रबोधला सांगितलं नाही. मग मंडईत गेले आणि दोन किलो कांदे घेऊन आले. घरात कांदे होते.

२९ एप्रिल, बुधवार

इथे सकाळचे आठ, तिकडे मंगळवारची संध्याकाळ. प्रबोधने रजा टाकलेली. मी शिरा केला. इराने लॅपटॉप टीव्हीला जोडला. एकेक नाव पुकारतात, आईबाप मिठ्या मारतात, पोरं टोपी घालतात. तिसरी फेरी. पाचवी. प्रबोध उभाच. सहाव्या फेरीत पुन्हा त्या तासभरवाल्या संघाची पाळी आली — त्यांनी दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं. आठवीही संपली.

शिरा तसाच राहिला.

क्षितिजचा फोन. "इट्स ओके बाबा. राहिलेल्यांनाही बोलावतात कधी कधी." प्रबोधने फोन माझ्याकडे दिला. मी तो कानाला लावला. "आई? तू ओके आहेस ना?" — तो मला विचारतोय!

३ मे, रविवार

आता प्रबोधलाच संशय. "सातव्या फेरीच्या आत निवडला जाईल असं सगळे म्हणत होते. कुणीतरी काहीतरी कानावर घातलंय त्यांच्या. बघ तू!" मी भेंडी चिरत राहिले. बोट कापलं.

मी त्याला वाचवलं की बुडवलं? मेलला उत्तर नाही.

६ मे

सांगितलं. सरळ क्षितिजला फोन लावून — मी लिहिलं होतं त्यांना, माझ्यामुळे गेलं तुझं.

तो म्हणाला, "त्यांना माहीत होतं, आई. चाचण्यांच्या वेळी त्यांच्या डॉक्टरांना मीच सांगितलं. सगळ्या संघांना सांगितलं."

"मग मला का नाही? इतक्यांदा विचारलं मी!"

"तू विचारत नव्हतीस. तपासत होतीस."

मग विचारलं, डोकं कसं आहे रे?

"दुखतं, आई," म्हणाला. "रोज."